काँगोला जाणाऱ्या पोराला कोण शिकवणार?

मुदखेडला सीआरपीएफचं ट्रेनिंग कॉलेज आहे. लातूरला सीआरपीएफचंच रंगरुटांचं केंद्र आहे. चाकूरला बीएसएफचं प्रशिक्षण केंद्र आहे. शेजारशेजारच्या दोन जिल्ह्यांत केंद्रीय दलांची एवढी मोठी शाळा भरते, आणि तरी आपल्याकडे प्रशिक्षण म्हटलं की चर्चा कुठं येऊन थांबते? सोळाशे मीटर किती मिनिटांत? छाती फुगवून किती? बीम किती?

मी एका भरती अकॅडमीत संध्याकाळी सामान्य ज्ञान शिकवतो, म्हणून हे रोज बघतो. पहाटे पाचला पोरं ग्राउंडवर. लोह्याकडचा, मुखेडकडचा, अहमदपूरकडचा पोरगा दोन-दोन वर्षं खोली करून राहतो. बाप सोयाबीनचे पैसे पाठवतो. पोरगं निवडलं गेलं की गावात बॅनर लागतो, हलगी वाजते. त्या कौतुकाबद्दल माझं काही म्हणणं नाही, वाजायलाच पाहिजे. माझा प्रश्न पुढचा आहे. हेच पोरगं उद्या देशाबाहेर तैनात झालं तर तिथं त्याला लागेल ते शिकवलंय कुणी?

"देशाबाहेर? आपले जवान कुठं जातात बाहेर?" असं विचारणारे आजही भेटतात. जातात, आणि फार जातात. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिमोहिमांमध्ये भारतानं आजवर अडीच लाखांहून जास्त माणसं पाठवली आहेत. दीडशेवर जवान तिथंच गेले. लेबनॉन, दक्षिण सुदान, काँगो इथं आपल्या पलटणी आजही आहेत. नुसतं लष्करच नाही, केंद्रीय पोलीस दलंही जातात. ज्या बीएसएफचं केंद्र चाकूरला आहे, त्याच बीएसएफचे दोन हवालदार २६ जुलै २०२२ ला काँगोतल्या बुटेंबो गावी मारले गेले. ते राजस्थानचे होते. पण बीएसएफमध्ये आपल्या दोन्ही जिल्ह्यांतली पोरं आहेतच की.

ते मेले कसे, हे नीट बघण्यासारखं आहे. समोर काही शत्रूची फौज नव्हती. ज्यांच्या रक्षणासाठी आपले लोक तिथं गेले होते, तीच गर्दी चालून आली. लोकांचं म्हणणं, इतकी वर्षं तुम्ही इथं बसलात, बंडखोर आमची माणसं कापतात, तुम्ही करता काय? राग खोटा नव्हता. गर्दीतल्या काहींनी काँगोच्याच पोलिसांकडून बंदुका हिसकावल्या आणि कॅम्पवर गोळ्या झाडल्या. आता विचार करा. अंगावर निळी टोपी आहे, हातात शस्त्र आहे, समोर बाया-पोरांची गर्दी आहे, त्या गर्दीत चार बंदुका आहेत, आणि लोक ओरडतायत ते एक अक्षर कळत नाही. अशा वेळी सोळाशे मीटर पाच मिनिटांत पळालेला आणि सात मिनिटांत पळालेला, दोघं सारखेच.

परदेशात तैनात होणाऱ्या फौजेला तयार करणं म्हणजे शरीर तयार करणं नाही, ते आधीच झालेलं असतं. तयार करायचं असतं ते कान, डोकं आणि हात आवरायची सवय. आणि हे तिन्ही मागे राहतं.

याची किंमत आपण एकदा मोजून बसलोय. श्रीलंका. २९ जुलै १९८७ ला राजीव गांधी आणि जयवर्धने यांचा करार झाला आणि लगेच आपली शांतिसेना जाफन्यात उतरायला लागली. आधी गेली ती ५४ वी डिव्हिजन, सिकंदराबादची. म्हणजे आपल्या नांदेडहून रात्री गाडीत बसलं की सकाळी पोचतो तिथली. या जवानांना सांगितलं होतं, तुम्ही शांतता राखायला चाललात, वाघ शस्त्रं खाली ठेवतील, तुम्ही मोजून घ्या. सुरुवातीला लोकांनी हारही घातले. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात त्याच जवानांना त्याच गल्ल्यांमध्ये लढाई करायला सांगितलं. मधे तयारीला वेळ किती मिळाला? नकाशे जुने, तेही पुरेसे नाहीत. भाषा तमिळ, मद्रास रेजिमेंटवाले सोडले तर कुणाला येत नाही. हातात जुनी एसएलआर, समोरच्याकडे एके-४७. आणि समोरच्यांपैकी अनेकांना काही वर्षांपूर्वी आपणच आपल्या देशात ट्रेनिंग दिलेलं! (याच्यावर वेगळी पोस्ट लिहावी लागेल, आज नको.)

११ ऑक्टोबरच्या रात्री जाफना विद्यापीठावर हेलिकॉप्टरनं जवान उतरवायचे ठरलं. वाघांना आपल्या वायरलेसवरचं बोलणं आधीच कळलेलं. १३ शीख लाइट इन्फंट्रीची तीस माणसं उतरली, बाकीची हेलिकॉप्टरं गोळीबारामुळं उतरूच शकली नाहीत. त्या तीसमधले एकोणतीस मेले, एक जण पकडला गेला. त्या पोरांच्या शौर्यात तसूभर कमी नव्हती. नोव्हेंबरात मेजर रामस्वामी परमेश्वरन, जन्मानं मुंबईचे, महार रेजिमेंटच्या आठव्या पलटणीचे, छातीत गोळी लागल्यावरही समोरच्याची रायफल हिसकावून त्याला मारतात आणि मग जीव सोडतात. परमवीर चक्र मिळालं त्यांना. शौर्य कमी होतं म्हणून श्रीलंकेत घात झाला नाही. कुठं, कुणाशी, कोणत्या नियमानं वागायचं याची तयारी नव्हती, म्हणून झाला.

आणि याची दुसरी बाजूही बोलली पाहिजे, नाहीतर आपण नुसतेच पोवाडे गात बसतो. २१ ऑक्टोबर १९८७ ला जाफना रुग्णालयात डॉक्टर, नर्स, पेशंट असे साठच्या वर लोक आपल्या जवानांच्या गोळ्यांनी मेले. आपल्या बाजूनं सांगितलं गेलं की आतून गोळीबार झाला आणि माणसं मधे सापडली. तिथले लोक आजही त्याला हत्याकांडच म्हणतात, दरवर्षी दिवस पाळतात. मी तिथं नव्हतो. पण एवढं कळतं, की कालपर्यंत जंगल आणि सीमा शिकलेल्या जवानाला भाषा न कळणाऱ्या शहरातल्या दवाखान्यात रात्री घुसवलं की समोर नर्स आहे का अतिरेकी आहे, हे ओळखायला त्याच्याकडे भीतीशिवाय दुसरं काही साधन नसतं. शेवटची तुकडी मार्च १९९० मध्ये परत आली. अकराशेवर जवान आले नाहीत.

आता उलटं उदाहरण. सांगायला मला ते जास्त आवडतं, आणि वर्गात सांगितलं की पोरी ताठ बसतात. जानेवारी २००७ मध्ये सीआरपीएफच्या महिलांची तुकडी पश्चिम आफ्रिकेत लायबेरियाला गेली. शंभरावर बायका. संयुक्त राष्ट्रांच्या इतिहासातली पहिली पूर्ण महिला पोलीस तुकडी. यादवी युद्धात त्या देशात बायकांचे जे हाल झाले ते लिहवत नाहीत. या बायकांनी राष्ट्राध्यक्ष एलेन जॉन्सन सरलीफ यांच्या कार्यालयावर पहारा दिला, मोन्रोव्हियात रात्रीची गस्त घातली आणि सुटीच्या वेळात तिथल्या पोरींना स्वसंरक्षण शिकवलं. २०१६ पर्यंत तुकड्या बदलत राहिल्या. संयुक्त राष्ट्रांनीच नंतर सांगितलं, की या काळात लायबेरियाच्या सुरक्षा दलांत बायकांचं प्रमाण ६ टक्क्यांवरून १७ टक्क्यांवर गेलं. सगळं श्रेय यांचं नसेल. पण वर्दीतली बाई रोज रस्त्यावर दिसली की पोरींना वाटतं, आपणही होऊ शकतो. हे आपल्याला मुदखेडच्या बाजारात वर्दीतल्या पोरी बघून कळतंच की.

लायबेरियात जमलं आणि जाफन्यात घात झाला, असं का? लायबेरियाला जाताना काम काय ते आधी ठरलेलं होतं. गर्दी हाताळणं हे सीआरपीएफचं रोजचंच काम. तिथं इंग्रजी चालते. आणि एक तुकडी परत येताना दुसरीला सगळं सांगून यायची. नशीब म्हणा, नियोजन म्हणा, पण शिकायला जागा होती.

सगळीकडे एवढी जागा नसते. नियम असा आहे, की जाण्याआधीचं प्रशिक्षण ज्या देशाची फौज त्या देशानं द्यायचं, तिथं पोचल्यावर मोहीमवाले थोडीफार तोंडओळख करून देतात. आपल्या लष्करानं त्यासाठी २००० साली दिल्लीत खास केंद्र काढलं, त्याचं नावही जगात चांगलं आहे. पण पलटणीतल्या आठशे माणसांना दिल्लीच्या वर्गात किती दिवस बसवणार? मग होतं असं, की अधिकारी शिकून येतात, ते सुभेदारांना सांगतात, सुभेदार जवानांना सांगतात. शेवटच्या रांगेत पोचेपर्यंत काय उरतं? एक कार्ड. गोळी कधी झाडायची, कधी नाही, याचे नियम छापलेलं खिशातलं कार्ड.

बरं, तिथं गेल्यावर शिकू म्हटलं तर तेही सोपं नाही. पलटण एका जागी राहत नाही. काँगोच्या पूर्वेला डोंगर-जंगलात तीस-चाळीस माणसांचे तळ विखुरलेले असतात, एका तळावरून दुसऱ्यावर जायला पावसाळ्यात दिवस मोडतो. सगळी पलटण एकत्र येऊन सराव करतेय असं वर्षात होतच नाही. फायरिंगचा सराव करायचा तर जागा पाहिजे, त्या देशाची परवानगी पाहिजे, आणि गोळ्या हजारो किलोमीटरवरून आलेल्या असतात, त्या मोजून वापरायच्या. आणि मुदत साधारण एक वर्षाची. पहिले तीन महिने गाव कळायला जातात, शेवटचे दोन सामान बांधायला. माणसं ओळखायला लागेपर्यंत परतीचं विमान. नवी पलटण आली की गावचा मुखिया पुन्हा पहिल्यापासून ओळख सांगतो. त्याच्या जागी मी असतो तर वैतागलो असतो.

"दुभाषी असतो की" असं कुणी म्हणेल. असतो. पण दुभाषी तिथलाच, म्हणजे कोणत्या तरी जमातीचा. भांडण त्याच्या जमातीचं आणि शेजारच्या जमातीचं. तो काय सांगतो, काय गाळतो, हे कळायला तरी शंभर शब्द आपल्याला यायला नकोत का? तहसीलच्या आवारात दुसऱ्याकडून अर्ज लिहून घेणाऱ्या म्हाताऱ्याला विचारा, आपलं म्हणणं दुसऱ्याच्या तोंडून जाताना काय होतं ते.

आमच्या अकॅडमीतला एक जुना पोरगा वर्षभर काँगोत राहून आला. उदगीरकडचा. घरात मराठी, बाजारात कानडी, दोस्तांत दखनी. तो मला म्हणाला, "सर, स्वाहिली मला तीन महिन्यांत बोलायला आली, पंजाबकडची पोरं बघतच राहायची." मी म्हटलं कसं काय? तर म्हणे, अर्धे शब्द आपलेच आहेत. दुकानाला दुका, गाडीला गारी, चहाला चाय. बातमीला हबारी, म्हणजे आपलं खबर. पुस्तकाला किताबू, जगाला दुनिया. आणि धोक्याला हटारी, म्हणजे खतराच! अरबी आणि हिंदुस्तानी शब्द व्यापाऱ्यांबरोबर तिकडे गेले, तसेच निजामाच्या राज्यात आपल्या जिभेवर बसले. एकदा तळाच्या फाटकाशी एक बाई घाईघाईनं येऊन काहीतरी सांगत होती, दुभाषी जेवायला गेलेला. बाकीच्यांना वाटलं काहीतरी मागतेय, तिला हाकलायला निघाले. यानं 'हटारी' ऐकलं आणि थांबवलं. पुढच्या वळणावर रस्त्यात झाडं पाडून माणसं बसली होती, ती तेच सांगायला आली होती.

हे त्याला कोणत्या केंद्रानं शिकवलं नाही, उदगीरच्या बाजारानं शिकवलं. देगलूर-बिलोली-धर्माबादचं पोरगं मराठीबरोबर तेलुगू घेऊन वाढतं, निलंगा-उदगीरचं कानडी. नांदेडच्या अर्ध्या गल्ल्यांत उर्दू वाचणारी पोरं आहेत, म्हणजे लेबनॉनमध्ये पाटी वाचायला लागणारी बरीचशी अक्षरं त्यांना आधीच येतात. भरतीत याला मार्क किती? शून्य. बीमला मार्क आहेत, कानाला नाहीत.

आता एक गोष्ट कडू लागेल. सातारा-कोल्हापूरकडे घराघरात फौजी आहेत, पिढ्यान् पिढ्या. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याला तर लोक अपशिंगे मिलिटरीच म्हणतात, पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण गेले. तिथल्या पोराला आजोबा ओट्यावर बसून सांगतो, परमुलखात पाणी कसं प्यायचं, कुणावर विश्वास ठेवायचा, साहेब चुकीचं सांगत असेल तर काय करायचं. प्रशिक्षणाचा अर्धा भाग घरातच होतो. आपण निजामाच्या राज्यात होतो. दिल्लीच्या तीन मूर्तींमधली एक मूर्ती हैदराबाद संस्थानाच्या घोडदळाची आहे, पण ती परंपरा आपल्या शेतकऱ्याच्या घरात कधी उतरली नाही. आपलं पोरगं बहुतेक घरातला पहिला फौजी. त्याला सांगायला ओट्यावर कुणी नाही, मोबाइलमध्ये रील आहे. आणि रीलमध्ये काय असतं? बंदूक, स्लो मोशन, मागे गाणं.

म्हणून जे लोक परदेशात राहून आलेत, त्यांचं मोल आपल्याकडे जास्त असायला हवं. आणि नेमकं तेच वाया जातं. परत आला की माणूस सुटीवर, मग काश्मीर नाहीतर छत्तीसगड. त्याच्याकडचं ज्ञान कुणी लिहून घेत नाही. लष्करात आता भर पडली अग्निवीरची. चार वर्षं, त्यातले सुरुवातीचे सहा महिने प्रशिक्षण, आणि शेवटी चारातला एकच जण कायम. अग्निवीराला पुढं अशा मोहिमेवर पाठवायचं ठरलं तर हिशेब करा. तयारीचे महिने, मग तिथलं वर्ष. आला तेव्हा कुठं खऱ्या अर्थानं तयार झाला, आणि चारातल्या तिघांना आपण म्हणणार, धन्यवाद, घरी जा.

पैशाचंही तेच. जगाच्या शांतिमोहिमांना पैसा कमी पडतोय, ऑक्टोबर २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी शांतिसैनिक साधारण पाव हिश्श्यानं कमी करायचं सांगितलं. माणसं कमी झाली की उरलेल्यांवर भार दुप्पट, आणि सरावाचा वेळ आधी कापला जातो, कारण गस्त दाखवता येते, सराव दाखवता येत नाही. इकडे जानेवारी २०२५ मध्ये काँगोतलं गोमा शहर एम-२३ च्या बंडखोरांनी घेतलं, आपली माणसं त्याच भागात होती. म्हणजे काम सोपं होत चाललंय असंही नाही.

काहींना वाटेल, मग पाठवूच नका, आपली पोरं दुसऱ्याच्या भांडणात कशाला? मला हे पटत नाही. लायबेरियातल्या त्या पोरींना विचारा कशाला. पण पाठवायचं तर नीट शिकवून पाठवा, आणि शिकवायला लागणारं बरंच काही इथंच पडलेलं आहे.

स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ नांदेडला आहे, मुदखेड तिथून लांब नाही. फ्रेंच, अरबी, स्वाहिली यांचा साठ तासांचा बोलीभाषेचा कोर्स विद्यापीठानं तयार करावा आणि मुदखेड, लातूर, चाकूरच्या केंद्रांना देऊ करावा. काँगोत राजभाषा फ्रेंच आहे, बाजारात स्वाहिली चालते, लेबनॉनला अरबी. पदवी नको, परीक्षाही नको, दोनशे शब्द आणि ऐकायचा सराव पुरे. केंद्रांनी 'आमच्या नियमात बसत नाही' म्हणायच्या आधी दिल्लीला एक पत्र तरी लिहावं. दोन्ही जिल्ह्यांच्या खासदारांनी लोकसभेत एवढाच प्रश्न विचारावा, की परदेशी मोहिमेवर जाणाऱ्या केंद्रीय दलाच्या जवानाला भाषेचे किती तास शिकवतात? आकडा काय येतो बघू. आणि अकॅडमीवाल्या मित्रांनो, माझ्यासकट, आठवड्यातून एक तास पळणं बंद ठेवून परत आलेल्या माणसाला बोलवा. फी मागणार नाहीत ते, चहावर येतील.

तुमच्या घरात, गल्लीत कुणी श्रीलंकेला, लायबेरियाला, काँगोला, लेबनॉनला जाऊन आलं असेल तर खाली लिहा. पलटण, तळ, तारीख यातलं काही नको, गुप्त तर अजिबातच नको. फक्त एवढं सांगा, तिथं गेल्यावर पहिल्या महिन्यात काय येत नव्हतं म्हणून अडलं. मी ते उतरवून घेतोय, येत्या बॅचला वाचून दाखवणार आहे.